पिवळीतली रिकामी जागा

आधीच सांगून ठेवतो, मी असल्या गोष्टींतला माणूस नाही. गोंदियात माझं कृषी केंद्र आहे — बियाणं, खतं, फवारणीची औषधं. अठ्ठावीस वर्षांत काउंटरवर काय काय ऐकलं! कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वावरात, दिवा फिरतो, कोणाच्या धानाला नजर लागते... मी प्रत्येकाला एकच सांगत आलो, बाबा रे, नजर-बिजर काही नाही, तुडतुडा पडलाय, हे औषध मार. घरी सुषमा, म्हणजे माझी बायको, दाराला लिंबू-मिरची बांधते तेव्हाही मी नाक मुरडतो. तर असा माणूस हे लिहायला बसलाय. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या, मग निवांत वाचा.

हे घडलं तेव्हा दिवाळी होऊन दोन आठवडे झाले होते. रविवार, दुपारचे तीन. जागा — गोंदियालगतच्या मुर्रीतलं माझं घर, मागची खोली. खिडकीबाहेर धानाच्या बांध्या, कापणी चालू. खोलीत रेकॉर्ड प्लेयर, दोन स्पीकर, तीन खुर्च्या आणि माझ्या रेकॉर्डी.

जॅझच्या रेकॉर्डी. हो, गोंदिया जिल्ह्यात! हा प्रश्न मला एवढ्या वेळा विचारला गेलाय की आता राग येणंही बंद झालं. नागपूरला हॉस्टेलमध्ये रूममेटकडे एक कॅसेट होती. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं टेप खराब झालीय. दुसऱ्या आठवड्यात मीच त्याच्याकडे ती मागायला गेलो... आणि तेव्हापासून जे लागलं ते लागलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आधी सगळे मिळून एक धून वाजवतात. मग त्याच धुनेच्या साच्यावर एकेक जण पुढे येऊन आपल्या मनचं वाजवतो, तिथल्या तिथे सुचेल तसं. साचा पुन्हा पुन्हा फिरत राहतो — आम्ही त्याला फेरी म्हणतो. शेवटी पुन्हा सगळे मिळून धून, आणि खलास. आज जे वाजवलं ते उद्या तो माणूस स्वतःसुद्धा तसं वाजवणार नाही. पण रेकॉर्डवर ते कायमचं धरलेलं असतं. माझा सगळा जीव त्या धरलेल्यावर. एक स्वर इकडचा तिकडे होत नाही, हजार वेळा ऐका.

आमची बैठक तिघांची. एक मी. दुसरे ठाकरे सर, आमगावचे, गणिताचे रिटायर्ड शिक्षक. दर रविवारी गाडीने येतात, डोळे मिटून बसतात आणि बोटांवर फेऱ्या मोजतात. गाणं कसं वाटलं विचारलं तर सांगतात, "पियानोवाला तिसऱ्या फेरीत अर्धी मात्रा उशिरा आला." झालं, एवढंच त्यांचं कौतुक!

आणि तिसरे धनलालभाऊ. गोरेगावकडचे, दीड एकर धान आणि लग्नाच्या बँड पार्टीत क्लॅरिनेट. इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, वादकांची नावं ठाऊक नाहीत, पण कान असा की माझ्यासारख्याने लाजावं. एकदा मी एक नवी रेकॉर्ड लावली, अर्ध्यात म्हणतात, "हा मानूस दाढ दुखून राहिली तरी वाजवून राहिला जी. डाव्या आंगानं फुंकून राहिला, आयका."

आणि मनचं वाजवणं काय असतं ते आम्हा तिघांत खऱ्या अर्थाने फक्त त्यांनाच माहीत. वरात मांडवाच्या दारात अडली, आतून कोणी म्हणालं थांबा जरा, की बँडला थांबता येत नाही. तेच गाणं ओढत, फिरवत, नटवत ठेवायचं. गोरेगावला एका लग्नात मी स्वतः पाहिलंय. व्याही रुसले होते, आणि धनलालभाऊंनी एक गाणं पाऊण तास चालवलं. जनरेटरच्या घरघरीत आणि फटाक्यांत मला निम्मंच ऐकू आलं, पण जे आलं ते अजून आठवतं.

आता माझी चूक सांगतो. ही चूक आमच्यासारखा शौकीनच करू जाणे.

नऊ वर्षांपूर्वी, धनलालभाऊ नव्यानेच यायला लागले होते तेव्हाची गोष्ट. एका रविवारी ते लग्न आटोपून थेट आले. अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, हातात क्लॅरिनेटची पेटी. मी 'पिवळी' लावली होती. नागपूरच्या जुन्या बाजारात मिळालेली ही रेकॉर्ड, कव्हर पिवळं म्हणून आमच्यात तिचं नाव पिवळी. पाच जणांचा ताफा, कोणी नावाजलेले नाहीत. दुसऱ्या बाजूला शेवटचं एक संथ गाणं आहे, त्यात क्लॅरिनेटवाला दोन फेऱ्या वाजवतो. त्या दोन फेऱ्यांसाठी मी वाटेल ते सोडून बसतो. तर ती वेळ आली, आणि धनलालभाऊंनी अगदी हळू, कोणाला त्रास होऊ नये अशा बेताने, पेटीतून क्लॅरिनेट काढून त्याच्या सोबतीने वाजवायला सुरुवात केली.

मी सुई उचलली.

"धनलालभाऊ," मी म्हणालो, "इथे आपण ऐकायला बसतो. वाजवायला नाही. तो माणूस पुन्हा येऊन वाजवणार नाहीये हो."

"हो जी, बराबर हाय," ते म्हणाले आणि क्लॅरिनेट पुसून पेटीत ठेवलं. रागावले नाहीत. पुढच्या रविवारी पुन्हा आले, पेटी न घेता. त्यानंतर आमच्या बैठकीचे नियमच ठरले. मध्ये बोलायचं नाही, वाहवा नाही, गुणगुणायचं नाही, सोबत वाजवायचं तर नाहीच. मोबाइल बाहेर, स्वयंपाकघरातल्या पोह्याच्या रिकाम्या डब्यात. मला त्या नियमांचा भारी अभिमान होता.

गेल्या उन्हाळ्यात, लग्नसराई संपता संपता, धनलालभाऊंच्या तोंडाला लकवा मारला. हातपाय शाबूत, पण डावा गाल ओघळला. गोळ्या झाल्या, मालिश झाली, गालावर करंट देऊन झाला. बोलणं पुष्कळ सुधारलं. ओठ मात्र मिटेनात. चहा पिताना एका बाजूने गळायचा, ते रुमाल लावून बसायचे. क्लॅरिनेटवाल्याचे ओठ गेले म्हणजे सगळंच गेलं. डॉक्टरांनी सांगितलं, आता जेवढं आलं तेवढंच.

मला त्या दिवसांत फार वाईट वाटायचं, आणि त्यांच्यासाठीच वाटायचं असंही नाही. नऊ वर्षं हा माणूस माझ्या खोलीत, माझ्यापासून दोन हातांवर बसत होता. आणि मी त्याचं वाजवणं शांतपणे एकदाही ऐकलं नव्हतं. मीच ऐकू दिलं नव्हतं.

तर तो रविवार. धनलालभाऊ आले ते पेटी घेऊन. मी बघतच राहिलो.

"सरांसंग धाडून राहिलो," ते म्हणाले. "आमगावच्या बँडवाल्याले पायजे हाय. घरी पडून राहीन तं पत्ती सडून जाईन, लाकूड तडकन."

सर म्हणाले, "मी म्हटलं, विचार करा थोडा."

"आता का विचार करता सर! ठेवून का लोनचं घालू त्याचं?"

मी म्हणालो, "भाऊ... एकदा वाजवता का? थोडंसं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आता कायले जी? ओठातून वारा निघून जाते सगळा." आणि मग मलाच समजावल्यासारखं म्हणाले, "लावा ना तुमी. पिवळी लावा."

पिवळीची दुसरी बाजू लावली. ती बाजू संपली की मी सरांना स्कूटरवर स्टेशनला सोडतो, त्यांना परतीची गाडी मिळते. वर्षानुवर्षांचा हिशोब आहे आमचा. खिडकीतून उन्हाची तिरीप आली होती, कापलेल्या धानाची भुकटी तिच्यात तरंगत होती. बाहेर कुठेतरी मळणीचं मशीन चालू होतं. पहिली दोन गाणी झाली. मला थोडी गुंगी आली होती, दुपारी येते तशी... झोप नव्हे. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे तुम्ही तेच म्हणणार.

तिसरं, म्हणजे ते शेवटचं संथ गाणं सुरू झालं. धून झाली. आता क्लॅरिनेट येणार. आधी तो एक श्वास घेतो, तो रेकॉर्डवर ऐकू येतो.

श्वास आला नाही.

क्लॅरिनेट आलंच नाही. पियानो चालू, बास एकेक पाऊल टाकत चाललेला, ड्रमवर ब्रशची सरसर. सगळं जिथल्या तिथे, स्वच्छ. फक्त मधली जागा रिकामी. मला आधी वाटलं सुई उडाली. सुई अडकली तर तोच एक तुकडा टक-टक करत पुन्हा वाजतो. इथे तर गाणं नीट पुढे जात होतं. मी उठून प्लेयरजवळ गेलो. तबकडी फिरत होती. सरांनी डोळे उघडले — गाण्याच्या मध्ये सरांनी डोळे उघडलेले मी कधी पाहिले नव्हते.

अख्खी एक फेरी गेली. दुसरी सुरू झाली. आणि फेरीच्या तोंडाशी ड्रमवाल्याने काहीतरी केलं, एक छोटीशी थाप, जी त्या रेकॉर्डवर नाही. मी शपथेवर सांगतो, नाही. दारात कोणी घुटमळत असलं की आपण "या ना" म्हणतो, तशी थाप.

मागे कट्ट आवाज झाला. मी वळलो. धनलालभाऊंनी पेटी उघडली होती. एकेक भाग जोडत होते, घाई नाही, गडबड नाही. फुंकायच्या तोंडाची पत्ती जिभेवर ओली केली. मग थांबले आणि माझ्याकडे पाहिलं.

परवानगी मागत होते हो! माझा हात सुईच्या जवळच होता, तसाच, नऊ वर्षांपूर्वीसारखा. मला लाज वाटली. मी हात मागे घेतला आणि खाली बसलो. खुर्चीवर नाही, तिथेच फरशीवर.

त्यांनी वाजवलं.

पहिला स्वर फाटला. दुसराही थोडा. तिसऱ्यापासून... कसं सांगू? तो गाल तसाच ओघळलेला होता, मी डोळ्यांनी पाहत होतो, आणि आवाज मात्र भरलेला, गोल, कुठे वारा निसटत नव्हता. आमच्याकडे हळदीला बायका गाणी म्हणतात, त्यातल्या एकाचा सूर त्यांनी धरला आणि त्या परक्या साच्यात हलकेच सोडला. तो बसला. मग त्याला वळवला, तोडला, उलटा केला. बँडच्या वरातीतली एक लकेर आली, तिला इतकं संथ केलं की ओळखू येईना. आणि पियानोवाला... आता यावर तुम्ही विश्वास ठेवा अगर नका ठेवू. पियानोवाला त्यांना उत्तर देत होता. ते थांबले की तो बोलायचा, ते चढले की तो खाली राहून वाट करून द्यायचा. एकदा धनलालभाऊंनी हळदीच्या गाण्याची ओळ अर्धीच टाकली, आणि उरलेली अर्धी पियानोने पुरी केली. ते हसले. त्या ओठांनी, वाजवता वाजवता हसले.

बाहेरचं मशीन कधी थांबलं कळलं नाही. उन्हाची तिरीप फरशीवरून सरकत भिंतीवर चढली होती. मला भीती वाटली का? नाही. अजिबात नाही. ते संपू नये एवढंच वाटत होतं. दारात सुषमा उभी होती, हात पिठाचे. ती हळूच म्हणाली, "आज कोण आलंय हो? किती जण वाजवताहेत?" बैठकीत कोणी बोललं तर मी खवळतो. त्या दिवशी मी नुसता तिचा हात धरला आणि खाली बसवलं.

मग शेवटी तो श्वास आला. रेकॉर्डमधून. पिवळीतला क्लॅरिनेटवाला आला, धनलालभाऊंच्या खालच्या सुराने, आणि दोघांनी मिळून एक फेरी वाजवली. कोण कुठला ते वेगळं करता येत होतं, पण करावंसं वाटत नव्हतं. मग सगळ्यांची धून. मग खलास. सुई आपली आत जाऊन खरखरत राहिली.

धनलालभाऊंनी क्लॅरिनेट खोललं, आतून फडकं फिरवून पुसलं, भाग पेटीत ठेवले. सुषमाने चहा आणला. तो त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून नेहमीसारखा गळला आणि त्यांनी रुमाल लावला.

पहिले भानावर आले ते सर. "अकरा," ते म्हणाले. "अकरा फेऱ्या. रिकामी धरून बारा." आणि घड्याळ पाहून ताडकन उठले. गाडी सुटून गेली होती! सरांची गाडी आजवर कधी चुकली नव्हती. मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला. "पुन्हा लावा," म्हणाले. लावली. श्वास आला, क्लॅरिनेट आलं, दोन फेऱ्या, एक स्वर इकडचा तिकडे नाही. पुन्हा लावली. तेच.

मी धनलालभाऊंना म्हटलं, आता फुंकून बघा. त्यांनी माझा मान राखायला फुंकलं. नुसती हवा. फुस्स.

"देऊ नका हो ते," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "आज एवढं वाजवलंत, उद्याही वाजवाल! काऊन देता?"

"नाही जी," ते म्हणाले. "झालं ना वाजवून." आणि पेटी सरांच्या हातात दिली.

त्यानंतर मी काय काय तपासलं म्हणता! नागपूरहून माणूस बोलावून प्लेयर खोलून घेतला. तो म्हणाला, एका स्पीकरची वायर सुटली असेल, एक वाद्य गायब होतं कधी कधी. मी म्हटलं, अहो, रेकॉर्ड मोनो आहे, दोन्हीकडे तेच वाजतं, क्लॅरिनेट गेलं तर पियानोही जाईल. त्याने पेचकस पिशवीत टाकला. सर आधी म्हणायचे, सामूहिक भास असेल. मग स्वतःच म्हणाले, "भासानं गाडी कशी चुकेल?" बारा फेऱ्या रेकॉर्डच्या त्या बाजूवर उरलेल्या जागेत मावत नाहीत, हे त्यांनी कागदावर मांडून दाखवलंय. सुई तेव्हा कुठे होती ते मी पाहायला हवं होतं. प्लेयरपासून हातभर अंतरावर बसलो होतो. पण मी तिकडे पाहतच नव्हतो. आणि रेकॉर्डिंग नाही, कारण आम्हा तिघांचे मोबाइल पोह्याच्या डब्यात आणि सुषमाचे हात पिठाचे. सुषमा तर त्या गोष्टीवर बोलतच नाही. फक्त त्या दिवसापासून बैठकीला येऊन बसते, चौथी खुर्ची आणलीय.

बैठक चालू आहे. नियम मी काढून टाकले.

पण ज्यासाठी हे लिहायला बसलो ते शेवटचं सांगायचं राहिलं. मागच्या महिन्यात धनलालभाऊंना बसस्टँडवर सोडायला गेलो होतो. एसटीला वेळ होता. म्हटलं विचारून टाकावं. "भाऊ, त्या दिवशी काय झालं हो? तुम्हाला काय वाटतं?"

ते थोडा वेळ रुमालाशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "नऊ वर्सं मी तुमच्या घरी दर आयतवारी वाजवूनच तं राहिलो होतो. मनातल्या मनात. तुमी पिवळी लावली का मी संग वाजवत होतो."

मी त्यांच्याकडे वळलो.

"त्या पिवळीतल्या मानसाले आयकू गेलं असंन," ते म्हणाले. आणि अगदी सहज, माझ्याकडे बघून, "तुमाले नाही गेलं, बस."

रागाने नाही म्हणाले. त्यांची बस लागली, ते चढले, खिडकीतून हात केला आणि गेले.

रेकॉर्डचं काय झालं ते मला आजही सांगता येत नाही, कोणाला सांगता आलं तर जरूर कळवा. मी मात्र त्या माणसाच्या शेजारी नऊ वर्षं कान देऊन बसलो होतो. मला का ऐकू आलं नाही, हे कोणाला विचारू?